पोलंडच्या उन्हाळी शिबिरात इंग्रजी शिकवताना : सांगली-साताऱ्याकडच्या शिक्षकांसाठी दिनक्रमाचे मार्गदर्शन

पोलंडमधील शाळांना उन्हाळ्याची सुट्टी जूनच्या अखेरीस लागते आणि ती ३१ ऑगस्टला संपते. आपल्याकडे नेमक्या त्याच काळात शाळा नुकत्याच भरलेल्या असतात, शिराळ्याकडे भाताची लावणी चालू असते आणि सांगलीतले लोक आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीवर डोळा ठेवून असतात. म्हणून तिकडच्या मुलांच्या शिबिरात इंग्रजी शिकवायला जाऊ इच्छिणाऱ्या शिक्षकाने व्हिसाच्याही आधी रजेचा विचार करावा. मी मिरजेतील एका माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते आणि दक्षिण पोलंडमध्ये, तात्रा पर्वताच्या पायथ्याशी, दोन उन्हाळे साधारण सहा-सहा आठवडे शिकवून आले आहे. दोन्ही वेळा मला बिनपगारी रजा घ्यावी लागली आणि पहिल्या वेळी ती मंजूर व्हायला व्हिसापेक्षा अधिक दिवस लागले. बी.एड. किंवा एम.ए. पूर्ण करून नोकरीच्या शोधात असलेल्यांना ही अडचण नसते. माझ्या मते अशा शिबिरासाठी तेच वय सर्वांत योग्य आहे.

वर्गातला वेळ दिवसाला जेमतेम साडेतीन तास असतो. मुले इंग्रजी बोलू लागतात ती मात्र जेवणाच्या रांगेत, बॅडमिंटनच्या जाळीपाशी आणि हरवलेला मोजा शोधताना. त्यामुळे सकाळी साडेसहापासून रात्री साडेदहापर्यंतच्या दिवसात आपले बोलणे, खाणे, झोप आणि संयम पुरवून कसा वापरायचा, हेच या कामाचे मुख्य कौशल्य आहे आणि पुढील सूचना त्याच दृष्टीने लिहिल्या आहेत.

निघण्यापूर्वीची कागदपत्रे

आयोजकांच्या निमंत्रणपत्रात चार गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या असाव्यात : कामाचे स्वरूप, दिवसाचे तास, मानधन मिळणार की नाही, आणि राहण्या-जेवणाचा खर्च कोणाचा. कोणता व्हिसा मागायचा हे याच पत्रावर ठरते. अल्पमुदतीच्या शेंगेन व्हिसावर (पोलंडसह युरोपातील अनेक देशांना चालणारा सामाईक व्हिसा) कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. परंतु राहता येणे आणि पगारी काम करता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मानधन मिळणार असेल तर पर्यटनाच्या व्हिसावर जाण्याचा सल्ला कोणीही दिला तरी तो मानू नये, आणि निमंत्रणपत्र दाखवून योग्य व्हिसा कोणता हे वकिलातीकडूनच विचारून घ्यावे. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचे संरक्षण देणारा प्रवासी वैद्यकीय विमा लागतो. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला असावा आणि परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. पंधरा दिवस आधी ही अखेरची मर्यादा असली, तरी तिच्यावर विसंबून राहू नये.

दुसरा महत्त्वाचा कागद म्हणजे पोलिसांचे चारित्र्य प्रमाणपत्र. मुलांसोबत काम करणाऱ्या व्यक्तीची पार्श्वभूमी तपासणे पोलंडच्या कायद्याने बंधनकारक आहे आणि फेब्रुवारी २०२४ पासून हे नियम अधिक कडक झाले आहेत. परदेशी नागरिकाला आपल्या देशातील प्रमाणपत्र द्यावे लागते. आपण त्यासाठी पासपोर्ट सेवा संकेतस्थळावर अर्ज करतो. सांगली आणि सातारा हे दोन्ही जिल्हे पुण्याच्या प्रादेशिक पारपत्र कार्यालयाच्या अखत्यारीत येतात. पासपोर्टवरचा पत्ता जुना असेल तर पोलीस पडताळणीत अडकायला होते, म्हणून हे काम मार्चमध्येच उरकावे. प्रमाणपत्राचे पोलिश भाषांतर कोण करून घेणार, हेही आयोजकांना आधीच विचारावे.

सामान भरताना

साताऱ्याचे कंदी पेढे नेऊ नयेत. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला सामानातून दुधाचे व मांसाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे, आणि त्यात पेढे, बर्फी, घरचे तूप हे सारे आले. सांगलीचा भडंग नेता येतो, पण त्यात शेंगदाणे असतात. तो मोठ्यांच्या खोलीत खावा, मुलांना कदापि देऊ नये, कारण कोणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे हे आपल्याला ठाऊक नसते. कांदा-लसूण मसाल्याची एक छोटी, घट्ट झाकणाची बाटली मात्र न विसरता घ्यावी.

कपड्यांचा अंदाज महाबळेश्वरच्या जुलैवरून बांधावा. दुपारी अंगात पातळ सदरा पुरतो आणि संध्याकाळी स्वेटर शोधावा लागतो. पाऊस विचारून येत नाही. चांगला रेनकोट, पाण्यात टिकणारे बूट आणि खोलीत वापरण्यासाठी वेगळ्या सपाता हव्यात, कारण बाहेरचे बूट घालून आत वावरणे तिथेही आपल्यासारखेच असभ्य मानतात. डोळ्यांवर बांधायची पट्टी घ्यावी. जूनच्या अखेरीस तिथे पहाटे साडेचारलाच उजाडते आणि रात्री नऊपर्यंत उजेड असतो. पहिल्या आठवड्यातली निम्मी झोप मी या उजेडापायी घालवली.

पहिले दोन दिवस

लहान मुलांच्या निवासी शिबिराला तिथे ‘कोलोन्ये’ म्हणतात, आणि एका तुकडीच्या मुक्कामाला ‘तुर्नुस’. हा मुक्काम सहसा आठवडा ते दोन आठवड्यांचा असतो. मुलांची कायदेशीर जबाबदारी ‘विखोवाव्त्सा’, म्हणजे गटपालकावर असते. एका गटपालकाकडे जास्तीत जास्त वीस मुले, आणि दहा वर्षांखालील मुलांच्या गटात पंधरा, अशी मर्यादा आहे. ही व्यवस्था पहिल्याच दिवशी समजून घ्यावी, कारण आपल्याकडे सहलीला गेलेला शिक्षक एकाच वेळी शिक्षक, पालक, वैद्य आणि हिशेबनीस असतो, तर तिथे आपण केवळ भाषेचे शिक्षक असतो. मुलाला ताप आला तर आपल्या पिशवीतली गोळी द्यायची नाही. गटपालकाला किंवा परिचारिकेला सांगायचे. मुलांच्या खोलीत एकट्याने जायचे नाही. रडणाऱ्या मुलाला समजवायचे असेल तर ते व्हरांड्यात, इतरांच्या नजरेसमोर. मुलांचे चेहरे दिसणारी छायाचित्रे घरच्या व्हॉट्सॲप समूहावरही टाकायची नाहीत. सुरुवातीला हे सारे कोरडे वाटते, पण चार दिवसांत त्यातला शहाणपणा पटतो.

मुले आपल्याला ‘प्रोशे पानी’ अशी हाक मारतील. कोणी पाणी मागत नसते. ‘पानी’ म्हणजे बाई, आणि आपल्याकडची मुले ‘ओ बाई’ म्हणतात त्यातलाच तो प्रकार. पुरुष शिक्षकांना ‘प्रोशे पाना’ म्हणतात.

पहिल्या तासाला स्वतःची ओळख करून देताना नकाशा न्यावा आणि त्यावर सांगलीपासून कोल्हापूरपर्यंत बोट फिरवावे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत प्रदेशातून सुटून आलेल्या सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे होती. मिरज-कोल्हापूर रेल्वेने जाताना लागणारे वळिवडे स्थानक आपण शेकडो वेळा पाहिलेले असते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी मी यावर सोप्या इंग्रजीत दीड पानांचा उतारा तयार केला होता आणि सहा आठवड्यांत जितके पाठ घेतले, त्यांत सर्वाधिक प्रश्न त्या उताऱ्यावर आले. मुले तिथे काय खात होती, शाळा होती का, साप होते का, हे सारे त्यांनी मोडक्या इंग्रजीत पण आपण होऊन विचारले. आपण कुठून आलो हे सांगण्याचा याहून चांगला मार्ग मला सापडला नाही.

सकाळ आणि वर्ग

साडेसातला मुले उठतात. आपण साडेसहाला उठावे. तो एक तास पूर्णपणे आपला असतो आणि दिवसभरात पुन्हा मिळत नाही. साडेआठला न्याहारी, त्यानंतर सर्वांची सभा, आणि साडेनऊपासून मधल्या सुट्टीसह एकपर्यंत वर्ग, असे आमचे वेळापत्रक होते.

मुलांची पातळी ठरवण्यासाठी लेखी चाचणी घेऊ नये. सुट्टीच्या पहिल्याच दिवशी पेपर समोर आला की मुलाचे आपल्याविषयीचे मत कायमचे ठरते. त्याऐवजी गोलात उभे करून चेंडू फेकावा आणि ज्याच्या हाती चेंडू येईल त्याला एक प्रश्न विचारावा : नाव, वय, आवडता प्राणी, काल काय केलेस, मोठेपणी काय करशील. कोण वर्तमानकाळात अडकते, कोण भूतकाळापर्यंत पोहोचते आणि कोणाला प्रश्नच कळत नाही, हे वीस मिनिटांत समजते. पोलंडमध्ये प्राथमिक शाळा आठ वर्षांची असते आणि तिच्या अखेरच्या परीक्षेत परकी भाषा हा विषय असतो, त्यामुळे मोठ्या मुलांना व्याकरण बऱ्यापैकी येते. येत नाही ते बोलण्याचे धाडस. हे वर्णन आपल्या दहावीच्या वर्गालाही तंतोतंत लागू पडते.

पहिल्या वर्षी मी व्याकरणाच्या चाळीस कार्यपत्रिका छापून नेल्या होत्या. त्यांतल्या तीन वापरल्या आणि उरलेल्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मुलांनी विमाने काढली. दुसऱ्या वर्षी मी संपूर्ण तुर्नुसचे वर्ग एका नाटुकल्याभोवती बांधले. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’चा प्रयोग केला त्या गावाच्या शेजारून आलेल्या बाईला हे आधीच सुचायला हवे होते. नाटकात एकच वाक्य मूल तीस वेळा म्हणते आणि कंटाळत नाही. वर्गात तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणवून घेतले तर जांभया सुरू होतात. पहिल्या दोन दिवसांत पात्रे आणि शब्द, पुढच्या तीन दिवसांत संवाद, मग दोन दिवस तालीम आणि वेशभूषा, आणि शेवटच्या संध्याकाळच्या आदल्या दिवशी प्रयोग, अशी विभागणी करावी. ज्याला बोलायची फार भीती वाटते त्याला पडदा ओढण्याचे काम द्यावे, पण त्याच्या हाती एक छोटी घंटा आणि एक वाक्यही द्यावे.

आता उच्चार आणि चुका यांविषयी थोडे विस्ताराने सांगते, कारण मराठी शिक्षकाचा खरा लाभ इथेच आहे. पोलिश भाषेत इंग्रजीतल्या ‘अ’ आणि ‘द’ सारखी उपपदे नाहीत, मराठीतही नाहीत. मुले ‘आय हॅव डॉग’ म्हणतात तेव्हा ती का चुकतात हे आपल्याला आतून कळते, कारण आपणही कधीकाळी तिथेच चुकलो होतो. काळांच्या बाबतीत मात्र त्यांची चूक आपल्या नेमकी उलट आहे. पोलिशमध्ये वर्तमानकाळाचे रूप एकच असल्याने मुले आत्ता चाललेल्या क्रियेलाही ‘आय गो’ म्हणतात; आपल्याकडची मुले ‘आय ॲम नोइंग’, ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ अशी चालू काळाची उधळण करतात. शब्दाच्या शेवटचा ‘ग’ त्यांच्या तोंडी ‘क’ होतो, म्हणून ‘डॉग’ चे ‘डॉक’ ऐकू येते.

आपल्याही उच्चारांत दोष आहेत. मराठीत एकच ‘व’ असल्याने इंग्रजीतले त्याचे दोन वेगळे उच्चार आपण एक करून टाकतो, तर पोलिश मुलांना हा भेद कानाने लगेच कळतो, आणि एका अकरा वर्षांच्या मुलीने तो मला अतिशय नम्रपणे समजावून दिला. आपल्या इंग्रजीचा वेगही कमी करावा लागतो. ‘आय हॅव अ डाउट’ म्हटले की तिथल्या सहकाऱ्यांना वाटते आपला त्यांच्यावर विश्वास नाही. ‘प्रीपोन’ आणि ‘आउट ऑफ स्टेशन’ तर कोणालाच कळत नाहीत. इंग्रजी ही आपलीही शिकलेली भाषा आहे हे वर्गात मोकळेपणाने सांगावे. मी सांगितल्यावर मुलांची भीती कमी झाली. शिक्षक म्हणून माझी पत घटली असे जाणवले नाही.

दोन खुणांबाबत सावध राहावे. पोलिश बोलीत ‘नो’ म्हणजे ‘हो ना’. ‘समजले का?’ या प्रश्नाला मूल आनंदाने ‘नो, नो’ म्हणाले तर पाठ पुन्हा सुरू करू नये. दुसरे म्हणजे आपले होकारार्थी मान डोलावणे त्यांना नकारासारखे दिसते. पहिले तीन दिवस माझ्या वर्गातली एक मुलगी प्रत्येक बरोबर उत्तर खोडून पुन्हा लिहीत होती, आणि त्याचे कारण माझी मान आहे हे मला गटपालकाने सांगितले.

जेवणाचा प्रश्न

दुपारचे जेवण, म्हणजे ‘ओब्यात’, हे दिवसातले मुख्य जेवण. आधी सूप, मग बटाटे, कोशिंबीर आणि सहसा मांसाचा एखादा पदार्थ, आणि प्यायला फळे उकळून केलेले ‘कोम्पोत’. रात्रीचे जेवण साडेसहालाच होते आणि तेही पाव, चीज, काकडी, टोमॅटो असे थंड असते. आपल्याला नऊ वाजता जेवायची सवय असल्याने रात्री पोटात कावळे ओरडतात. भडंग त्यासाठीच न्यायचा.

शाकाहारी व्यक्तीने अर्जातच तसे लिहावे आणि पोहोचल्यावर स्वयंपाकघरात जाऊन स्वतः सांगावे. ‘बेझ म्येंसा’, म्हणजे ‘मांसाशिवाय’, हे दोन शब्द पाठ करावेत. पण तेवढ्याने भागत नाही, कारण अनेकांच्या लेखी मासा हे मांस नव्हे, आणि भाज्यांचे दिसणारे सूपही बहुधा हाडांच्या रश्शात शिजवलेले असते. उकडलेल्या करंजीसारखे दिसणारे ‘प्येरोगी’ बटाटा आणि ताज्या चीजच्या सारणाचे असतील तर उत्तम, मात्र वरून डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे घालण्याची पद्धत आहे, ते घालू नका असे आधीच सांगावे. गोड चीज भरलेली धिरड्यांसारखी ‘नालेश्निकी’ मिळाली की तो दिवस चांगला समजावा. नळाचे पाणी पिण्यायोग्य असते.

चहा लिंबू घालून, बिनदुधाचा मिळतो. पहिल्या सकाळी मी स्वयंपाकघरातल्या आजींकडे चहासाठी दूध मागितले, तेव्हा त्यांनी प्रथम माझ्याकडे, मग माझ्या पोटाकडे पाहिले आणि बसायला खुर्ची ओढली. दुधाच्या चहाला तिथे ‘बावार्का’ म्हणतात आणि तो बाळंतिणीला दूध यावे म्हणून देण्याची जुनी समजूत आहे. गैरसमज दूर झाला, तरी पुढचे सहा आठवडे माझ्या ताटात एक अंडे जास्तच पडत राहिले.

दुपार : डोंगर, गवत आणि गोचीड

जेवणानंतर तासभर विश्रांती असते. या वेळेत घरी फोन करावा. उन्हाळ्यात पोलंडची वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. तिथे दुपारचे अडीच म्हणजे मिरजेत संध्याकाळचे सहा. रात्री फोन करू म्हटले तर घरचे झोपलेले असतात.

दुपारनंतर खेळ किंवा डोंगरातली पायपीट असते आणि तिथे खरा शत्रू गोचीड आहे. म्हशीच्या कानात दिसणारी गोचीड आपल्याला परिचित असली, तरी तिकडची दाण्याएवढी बारीक असते आणि तिच्यापासून लाइम रोग व मेंदूज्वराचा एक प्रकार होऊ शकतो. मेंदूज्वरावर लस आहे. लाइमवर सध्या तरी काळजी हाच उपाय. गवतात जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, पँट मोज्यात खोचावी आणि परतल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कमरेशी, केसांच्या कडेला नीट तपासावे. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावी. गावाकडे तेल किंवा रॉकेल लावतात तसे काही लावू नये. पुढच्या महिनाभरात तिथे पसरत जाणारे लाल वर्तुळ दिसले तर डॉक्टरांकडे जावे. मुलाच्या अंगावर दिसली तर आपण हात न लावता परिचारिकेकडे न्यावे.

तात्रामध्ये दुपारी अचानक वादळे येतात. २२ ऑगस्ट २०१९ रोजी गिएवोंत शिखरावर वीज कोसळून पर्यटकांचे प्राण गेले होते; त्या शिखरावर लोखंडी क्रॉस आहे आणि चढण्यासाठी साखळ्या आहेत. म्हणून डोंगरावर सकाळी लवकर जावे, दुपारपूर्वी उतरावे, आणि ढग दिसताच मुलांनी कितीही हट्ट केला तरी मागे फिरावे. आपत्कालीन क्रमांक ११२ आहे.

संध्याकाळ

शेकोटीला ‘ओग्निस्को’ म्हणतात. आपला अग्नी आणि त्यांचा ‘ओग्येन’ हे एकाच कुळातले शब्द. मुलांना हे सांगितले की त्यांना फार मजा वाटते. शेकोटीभोवती मुले काठीला सॉसेज लावून भाजतात, आणि शाकाहाऱ्याने आपल्यासाठी पाव आणि बटाटे आधीच मागून ठेवावेत.

इंग्रजी खेळांची यादी संपली की आपले खेळ काढावेत. लगोरीला सात चपटे दगड आणि चेंडू पुरतो, आणि ‘धाव’, ‘टाक’, ‘लप’, ‘माझी पाळी’ ही आज्ञार्थी वाक्ये इंग्रजीतूनच बोलायची असा नियम केला की अर्ध्या तासात वर्गातल्या दोन तासांचे काम होते. ‘मामाचं पत्र हरवलं’ शिकवायला गेले तर मुले हसू लागली, कारण तोच खेळ ती ‘रस्त्याकडेने कोल्हा चालला’ अशा अर्थाच्या गाण्यावर खेळत मोठी झाली होती. मग त्या खेळाचे इंग्रजी गाणे आम्ही मिळून रचले.

रात्री दहाला शांततेची वेळ सुरू होते आणि ती काटेकोरपणे पाळतात. त्यानंतर शिक्षकांची पंधरा-वीस मिनिटांची बैठक होते. तिथे उद्याचा पाठ, पावसाचा पर्यायी पाठ आणि आज कोणते मूल गप्प होते, या तीन गोष्टी बोलून निघावे. गप्पांत रमले तर बारा वाजतात आणि उद्याचा आवाज आजच जातो. आवाजाविषयी सांगायचे तर ओरडून वर्ग शांत करण्याची आपली सवय तिथे चौथ्या दिवशी घसा बसवते. मी मिरजेहून एक लहान टाळ नेला होता. तो एकदा वाजवला की मुले थांबत.

सुट्टीचा दिवस

आठवड्यातून एक दिवस सुट्टी मिळते आणि ती रविवारी आली तर खरेदी शनिवारीच करावी, कारण वर्षातले मोजके रविवार सोडले तर तिथली बहुतेक दुकाने रविवारी बंद असतात. मोबाइलचे सिम घेताना पासपोर्टची नोंद करावी लागते. चलन झ्लॉटी आहे, युरो नव्हे. मुक्कामाच्या मधल्या आठवड्यात दिवसभर एकटे राहावे असे मी आग्रहाने सुचवते. शिबिरातल्या सहकाऱ्यांसोबत फिरायला गेले तर तो दिवसही इंग्रजी बोलण्यातच जातो.

ऑगस्टमध्ये घरची काळजी वाटते, हेही नमूद केले पाहिजे. आयर्विन पुलाजवळची पातळी चाळीस फुटांच्या इशाऱ्यावर गेली की मी तासातासाला फोन पाहू लागे आणि वर्गात माझे लक्ष लागत नसे. शेवटी एका शेजाऱ्यांना रोज सकाळी एकदाच पातळी कळवायला सांगितले आणि बातम्या पाहणे बंद केले.

पंधरा ऑगस्टला पोलंडमध्येही सुट्टी असते. तो मेरीच्या स्वर्गारोहणाचा सण आणि सेनादलाचा दिवस आहे. त्या दिवशी वर्ग नसेल असे गृहीत धरून पाठांची आखणी करावी.

शेवटची रात्र

तुर्नुसच्या शेवटच्या रात्रीला ‘झ्येलोना नोत्स’, म्हणजे हिरवी रात्र म्हणतात. त्या रात्री मुले एकमेकांच्या आणि संधी मिळाली तर शिक्षकांच्याही तोंडाला टूथपेस्ट फासतात. खोलीला कडी लावावी, चष्मा पेटीत ठेवावा, आणि तरीही सकाळी दाराच्या मुठीला हात लावण्यापूर्वी ती पाहून घ्यावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसगाड्या येतात, आणि काही तासांतच पुढची तुकडी येते किंवा आपला परतीचा प्रवास सुरू होतो. शिबिरप्रमुखांची सही आणि शिक्का असलेले अनुभवपत्र त्या गडबडीत मिळत नाही, म्हणून ते दोन दिवस आधीच मागून घ्यावे. त्यात तारखा, शिकवलेले एकूण तास आणि मुलांचा वयोगट लिहिलेला असावा. आपल्या जागी येणाऱ्या शिक्षकासाठी एका कागदावर कोणत्या गटाने काय केले, कोणते साहित्य कपाटात उरले आणि स्वयंपाकघरात कोणाशी बोलायचे, हे लिहून वर्गातल्या टेबलाच्या खणात ठेवावे. मी ठेवलेल्या कागदावर शेवटची ओळ चहात दूध मागण्याविषयी होती.